माह्या मांगं मांगं येऊन राह्यलं

खंजिरी वाजवता वाजवता काकाजी मधेच थांबले. कानावरचा हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "बाबू, हे माह्या मांगं मांगं येऊन राह्यलं," ते म्हणाले. "मी थाप मारतो, न् मंग कोनी तरी दुसराच मारते."

काकाजी आमच्या भजनी मंडळाचे खंजिरीवाले. आमचं गाव तिवसा तालुक्यात, मोझरीपासून फार लांब नाही. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम जवळ, त्यामुळे आमच्या भागात खंजिरी घरोघर ओळखीची. महाराज १९६८ साली गेले, पण संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना संपली की अजूनही कुणाच्या तरी हातात ती येतेच. काकाजी शाळेत जायच्या आधीपासून वाजवतात आणि आता साठी उलटली आहे. त्यांचा ठेका चुकलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी चार आवर्तनांत दोनदा चुकला, आणि तो माझ्या लॅपटॉपमुळे चुकला.

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकून मला जेमतेम आठवडा झाला होता.

हे घडत होतं आमच्या मागच्या खोलीत. वर टिनं आहेत, त्याखाली बांबूच्या तट्ट्या, आणि भिंतींना आईच्या हातच्या जाड गोधड्या लावल्या आहेत. कापसाने भरलेली गोधडी आवाज चांगला शोषून घेते, त्यासाठी शहरातून फोम आणावा लागत नाही. दिवसा वावर, रात्री ही खोली, असं माझं बरीच वर्षं चाललं आहे. मंडळाची भजनं, लग्नातली गाणी, कुणाच्या घरची म्हातारी जी गाणी म्हणते ती, असं सगळं मी इथे ध्वनिमुद्रित करून ठेवतो.

लिनक्सकडे मी का गेलो हे सांगायचं तर आजीपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली तिची गाणी म्हणतात. ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा, त्यात भुलाबाई-भुलोबा बसवायचे, टिपऱ्यांवर गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यात काय खिरापत आहे ते ओळखायचं. माझ्या लहानपणी गल्लीत दहा घरी भुलाबाई असे. आता दोन घरी असते, त्यातल्या एका घरी गाणी मोबाइलवर लावतात. आजीला ही गाणी पुष्कळ यायची, आणि तिच्या चाली इतरांपेक्षा वेगळ्या होत्या, माहेराकडून आणलेल्या. २०१८ च्या कोजागिरीच्या आधी दोन रात्री बसून मी तिची २३ गाणी घेतली.

तेव्हा माझ्याकडे जे संगीताचं सॉफ्टवेअर होतं ते मी विकत घेतलेलं नव्हतं. लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता, तिथल्या दुकानदाराने वरचे थोडे पैसे घेऊन सगळं 'टाकून' दिलं होतं. गावाकडे संगीत करणारी जी मुलं मला माहीत आहेत ती जवळपास सगळी असंच करतात, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. एका सॉफ्टवेअरला लागणारे पैसे म्हणजे बियाण्याच्या कितीतरी पिशव्या. पण मला ते आतून टोचत असे. आमचे बाबा दुसऱ्याच्या वावरातली तुरीची एक शेंग तोडू देत नसत. "धुऱ्याच्या पलीकडलं आपलं नोहे," एवढंच म्हणत. आणि मी देवाची भजनं चोरून आणलेल्या वस्तूवर घेत होतो.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात एके सकाळी लॅपटॉप उघडला तर प्रत्येक फाईलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागलं होतं आणि पैसे मागणारी एक चिठ्ठी होती. फुकट मिळालेल्या त्या सॉफ्टवेअरबरोबरच ते आत आलं असणार. दुकानदाराने सगळं पुसून लॅपटॉप परत दिला. आजी त्याच उन्हाळ्यात गेली होती.

एका जुन्या पेन ड्राइव्हवर प्रोजेक्टची फाईल तेवढी सापडली, आवाजाच्या फाईली नव्हत्या. निदान गाण्यांची नावं आणि क्रम तरी कळेल म्हणून ती फाईल साध्या अक्षरांच्या खिडकीत उघडून पाहिली. आत खुणांची खिचडी होती, एक ओळ वाचता येईना. ज्या सॉफ्टवेअरने ती बनवली तेच तिला वाचू शकणार, आणि ते माझं नव्हतंच. आज आजीचा आवाज माझ्याकडे आहे तो एका जुन्या मोबाइलमधल्या दोन मिनिटांच्या तुकड्यात. त्यात निम्मा वेळ ती मला जेवायला ये म्हणते आहे.

त्यानंतर मी बरेच महिने काहीच घेतलं नाही. मग लिनक्सबद्दल वाचायला लागलो.

हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहायला घेतला, आणि या दोन्हींतून जी प्रणाली उभी राहिली ती कुणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी असं तिच्या परवान्यातच लिहिलेलं आहे. मला त्यातलं 'दुसऱ्याला द्यावी' हे सगळ्यात आधी भिडलं.

संगीताचं काम डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या लिनक्सच्या काही आवृत्त्या आहेत. मी उबुंटू स्टुडिओ घेतली. ती २००७ पासून निघते आहे आणि ध्वनिमुद्रणाला लागणारं बहुतेक सामान तिच्यात आधीच भरलेलं असतं. गावातल्या मोबाइल नेटवर एवढी मोठी फाईल उतरेना, म्हणून अमरावतीला मावसभावाकडे एक रात्र राहून ती पेन ड्राइव्हवर घेतली. लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅमचा. आधी काही न पुसता थेट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं. माझा स्वस्तातला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारी डबी, जोडला, तर तो कुठलीही सीडी, कुठलाही ड्रायव्हर न मागता यादीत दिसला. यूएसबीचा ठरलेला सामायिक नियम जे इंटरफेस पाळतात ते असेच लागतात. घ्यायच्या आधी एवढं एक विचारून घ्यावं. सॉफ्टवेअर आपण फुकट बदलू शकतो, इंटरफेस नाही.

तर, काकाजींच्या मागून मागून येणारी थाप.

खंजिरीचा आवाज मायक्रोफोनमधून लॅपटॉपमध्ये जातो आणि तिथून हेडफोनमध्ये परत येतो. लॅपटॉप हा आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, तांब्या-तांब्याने हाताळतो. या तांब्याला बफर म्हणतात. माझा बफर होता १०२४ नमुन्यांचा, नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं माप, आणि सेकंदाला असे ४८,००० नमुने घेतले जात होते. भागाकार केला की एक तांब्या भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे कमीत कमी ४३. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण आवाज हवेतून एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. ४३ मिलिसेकंदांत जवळपास १५ मीटर. म्हणजे काकाजी खंजिरी मांडीवर वाजवत होते आणि ती त्यांना ऐकू येत होती मारुतीच्या पारापलीकडून.

भजनाला बसणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. सप्त्यात सभामंडप भरला की टोकाला बसलेला टाळकरी हमखास मागे पडतो. त्याचा हात चांगला असला तरी पडतो, कारण मृदंग त्याच्यापर्यंत पोचतोच उशिरा. मी काकाजींना त्यांच्याच वाद्यापासून उठवून त्या टोकाच्या जागेवर नेऊन बसवलं होतं. काही इंटरफेसवर स्वतःचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट ऐकण्याचं बटण असतं. माझ्यावर नव्हतं.

मग तांब्या लहान का करू नये? करता येतो, पण त्याची किंमत असते. लग्नातली पंगत डोळ्यांपुढे आणा. पानावर भरपूर वाढून ठेवलं तर वाढप्या निवांत फिरून येतो. एकेक पळी वाढायची ठरवली तर पानावरचं संपायच्या आत त्याला परत यावंच लागतं, आणि वाटेत कुणी त्याला बोलण्यात गुंतवलं तर पाहुण्याचा हात पानावर तसाच थांबतो. आवाजाच्या पंगतीत हात थांबला की कानात 'टक्' असा फटाका ऐकू येतो. लिनक्सवाले त्याला एक्सरन म्हणतात. संगणकाला एका वेळी शंभर कामं असतात, वायफाय बघ, पडदा रंगव, घड्याळ पुढे सरकव. ध्वनीची पाळी आली की बाकी सगळं सोडून त्याने धावत आलं पाहिजे. त्यासाठी माझं नाव मी 'ऑडिओ' गटात घातलं, ध्वनीच्या कामाला अग्रक्रमाची परवानगी दिली, प्रोसेसर वीज वाचवण्याच्या नादात मंद पडत होता तो पूर्ण वेगावर ठेवला, मुद्रणाच्या वेळी वायफाय बंद केलं आणि बफर १२८ वर आणला. जाऊन-येऊन साडेपाच मिलिसेकंदांच्या आत. इंटरफेसचं स्वतःचं थोडं धरलं तरी समोर बसलेल्या पेटीवाल्याच्या अंतरावर.

काकाजींनी पुन्हा हेडफोन चढवला. पहिल्या दोन थापा त्यांनी चाचपत मारल्या. तिसरीला त्यांचे डोळे मिटले, आणि मला कळलं.

वीस मिनिटं सुरेख गेली. मग फटाके सुरू झाले. आधी मिनिटाला एखादा, नंतर धान्य भाजल्यासारखे. थोडा वेळ थांबलं की बंद, पुन्हा वीस मिनिटांनी सुरू. सलग चार रात्री असं झालं. लोकांनी सांगितलेलं सगळं करून पाहिलं, बफर वाढवला, यूएसबीचं छिद्र बदललं. परत जुन्याकडे जावं असं एका रात्री अगदी मनावर घेतलं होतं.

पाचव्या रात्री मी एक साधी गोष्ट केली. प्रोसेसरचं तापमान दाखवणारी छोटी खिडकी कोपऱ्यात उघडी ठेवली आणि नुसता बघत बसलो. ५८. ६६. ७९. एक भजन संपलं. ८८. आणि ९४ वर पहिला फटाका. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. वाढप्या दमून बसत होता.

लॅपटॉप पालथा घातला आणि मागचे आठ स्क्रू काढले. त्या वर्षी भाव वाढेल म्हणून आम्ही कापूस विकला नव्हता. पुढच्या खोलीत छतापर्यंत भरला होता, पोरं त्यावर उड्या मारायची, आणि घरभर तूस उडत होती. पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी असते. तिच्यावर आतल्या बाजूने कापसाचा थर बसला होता, चरख्याला लावायच्या पेळूसारखा, दाबून घट्ट झालेला, कडेला धुळीने करडा आणि मधे अजून पांढरा. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर तो अखंड निघाला, बोटभर लांब. मी तो तळहातावर घेऊन बराच वेळ बसलो. आमच्याच पऱ्हाटीचा कापूस, आमच्याच खोलीतला, आणि काकाजींच्या ठेक्याच्या आड तो आला होता.

साफ करून जोडल्यावर तापमान ७१ च्या वर गेलं नाही. तेव्हापासून फटाका नाही. दर दिवाळीनंतर, वेचणी सुरू झाली की, मी आता आधी लॅपटॉप उघडून साफ करतो.

तापमान काय, कुठल्याही प्रणालीवर बघता येतं, हे मला माहीत आहे. पण आधीच्या दहा वर्षांत मला ते बघावंसं वाटलंच नव्हतं. बिघडलं की दुकानात न्यायचं, तो काय करतो ते पडद्याआड, आणि परत आणायचं, ही सवय होती. सामान उसनं किंवा चोरीचं असलं की माणूस त्याचं झाकण उघडत नाही. लिनक्सवर पहिल्यांदा मला वाटलं की हे यंत्र माझं आहे, याचं दुखणंही माझंच आहे आणि ते मला शोधता येईल. लिनक्सने माझ्यात केलेला हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो.

गेलं काय, तेही सांगायला हवं. माझा एक आवडता रिव्हर्ब होता, भजनाला देवळाचा घुमट देणारा. तो लिनक्सवर चालत नाही. विंडोजचे प्लगइन, म्हणजे रिव्हर्बसारखे जोड-तुकडे, लिनक्सवर चालवणारा याब्रिज नावाचा पूल आहे, त्यावरून काही येतात. पण ज्यांना कुलूप-किल्लीचा वेगळा बंदोबस्त असतो ते बहुधा अडतात. पेटीच्या आवाजाचा एक संचही गेला. त्याऐवजी मी आमच्या मंडळाचीच पेटी आणली, तिच्या ४२ पट्ट्या एकेक करून मुद्रित केल्या आणि एसएफझेड नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलीत कुठली पट्टी कुठल्या आवाजाची ते लिहून काढलं. तीन रात्री गेल्या. काळी पाचच्या वरची एक पट्टी किंचित फुसफुसते, तीही तशीच ठेवली. गावात ती पेटी सगळे तिच्या फुसफुशीवरून ओळखतात.

ज्यांचं पोट या कामावर आहे, ज्यांना मुंबई-पुण्याच्या स्टुडिओबरोबर रोज त्यांच्याच सॉफ्टवेअरमधले प्रोजेक्ट द्यावे-घ्यावे लागतात, त्यांनी घाईने बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी पैसे भरून सामान घेतलं आहे आणि ज्यांचं नीट चाललं आहे, त्यांनी तर नाहीच. रीपर नावाचा मुद्रणाचा प्रोग्राम मुक्तस्रोत नाही, पण लिनक्सवर चालतो, आणि लहान कामासाठी त्याचा परवाना ६० डॉलरला मिळतो. तोही सरळ रस्ता आहे. मी हे लिहितो आहे ते खेड्यातल्या त्या पोरांसाठी, ज्यांच्यापुढे दुकानदाराची सीडी हा एकच रस्ता ठेवला जातो. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी विंडोज १० चे जुने लॅपटॉप आहेत. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते लॅपटॉप भंगारात घालू नका, एवढंच सांगायचं आहे.

मी मुद्रण करतो ते आर्डर नावाच्या सॉफ्टवेअरवर. पॉल डेव्हिस नावाच्या माणसाने ते सुरू केलं. एका सॉफ्टवेअरमधून निघालेला आवाज दुसऱ्यात वायर जोडावी तसा नेणारं जॅक हेही त्यांनीच सुरू केलेलं. पूर्वी लिनक्सवर जॅक एकीकडे आणि रोजचा आवाज सांभाळणारं पल्सऑडिओ दुसरीकडे, अशी दोन चुली असलेल्या घरासारखी स्थिती होती, आणि नवा माणूस तिथेच वैतागून जायचा. विम टायमन्स यांनी पाइपवायर लिहिलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि आता दोन्ही चुलींचं एकाच चुलीवर शिजतं. आणि ती वाढप्याची गोष्ट, म्हणजे ठरल्या क्षणी बाकी सगळं सोडून धावत येणारा कर्नल. त्यासाठी थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सोबत्यांनी सुमारे २० वर्षं काम केलं. ते सगळं मूळ लिनक्समध्ये सामील झालं २०२४ मध्ये, ६.१२ या आवृत्तीत. माझ्या लॅपटॉपवर अजून त्याआधीचा कर्नल आहे आणि माझं काम त्यावर भागतं.

हे मी एकदा काकाजींना समजावून सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. "म्हंजे त्यायनं वीस वर्स ठेक्यावरच काम केलं म्हन," ते म्हणाले, आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

आर्डरची सेशन फाईल, म्हणजे त्याची प्रोजेक्टची फाईल, मी पहिल्याच महिन्यात साध्या अक्षरांच्या खिडकीत उघडून पाहिली होती. हात जरा थरथरत होता. आत ओळीमागून ओळी, सगळ्या वाचता येणाऱ्या. त्यात एका ओळीत मराठीत लिहिलेलं होतं, 'खंजिरी'. खाली 'पेटी', त्याखाली 'काकाजी आवाज'. मी ट्रॅकला दिलेली नावं. मुद्रित झालेला आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये साध्या वेव्ह फाईलीत. उद्या आर्डर नसलं, मी नसलो, तरी कुणी तरी हा मजकूर उघडेल आणि खंजिरीची फाईल कुठली ते त्याला कळेल. आजीच्या पेन ड्राइव्हवरची ती खिचडी मला त्या क्षणी आठवली.

गेल्या मार्चमध्ये कुऱ्ह्याकडच्या एका गावातला मुलगा आला होता. १४ एप्रिलसाठी दोन भीमगीतं करायची होती त्याला. आवाज खणखणीत, ढोलकीची जाण उत्तम, आणि लॅपटॉप असाच जुना. मी त्याला पेन ड्राइव्ह भरून दिला, सगळी प्रणाली, सगळं सामान, पेटीच्या ४२ पट्ट्यांसकट. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "दादा, क्रॅक कोणता वापरायचा?" मी म्हटलं, याला कुलूपच नाही, ते फोडायला क्रॅक लागत नाही. हे द्यायलाच आहे, तूही पुढे दे. त्याने पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवला, आणि खिशावर हात ठेवूनच गाडीला किक मारली.

आजीची गाणी आता येतात ती फक्त मोठ्या आईला, माझ्या थोरल्या काकूला. सासूबरोबर पंचवीस-तीस वर्षं म्हणत आली होती. सगळी आठवत नाहीत, काहींची मधली कडवी गेली आहेत, पण चाल तीच. गेल्या भुलाबाईच्या दिवसांत तिला मी मागच्या खोलीत बसवलं. पदर सावरून, पाय पोटाशी घेऊन ती मायक्रोफोनकडे संशयाने बघत राहिली. "याले हात लावू का नोको?" मग सुरू झाली. दुसऱ्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला, शब्द अर्धा तोंडात असताना, लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तोही तिथल्या तिथे काळा पडला.

अंधारात मी काही बोललो नाही. माझ्या पोटात मागचा तो पावसाळा उभा राहिला होता. "जाऊ दे बापू, सक्काळी म्हनीन," मोठी आई म्हणाली आणि भिंत चाचपत निघून गेली.

लाईट आली पहाटे चारला. मी जागाच होतो. लॅपटॉप सुरू केला, आर्डर उघडलं. त्याने विचारलं की मुद्रण चालू असताना यंत्र बंद पडलेलं दिसतं, तोवर जे पकडलं आहे ते परत मिळवू का. मी होय म्हटलं. लाल पट्ट्यावर आवाजाची नक्षी उमटत गेली, पहिलं कडवं, दुसरं, तिसऱ्याचा अर्धा शब्द. त्याच्या पुढे कोरं.

सकाळी दूध काढून मोठी आई आली. मी तिच्या कानांवर हेडफोन ठेवला, तिचं डोक्यावरून घेतलेलं लुगडं नीट केलं आणि कालचं सुरुवातीपासून लावलं. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग ओळख. "हा तं माहाच आवाज हाय," ती मोठ्याने म्हणाली, कारण कान झाकलेले होते. मग गप्प झाली. ओठ हलायला लागले. दुसऱ्या कडव्याला ती कालच्या स्वतःबरोबर हळू आवाजात म्हणू लागली, अगदी एका सुरात, एक मात्राही मागेपुढे नाही.

मी तिच्यापुढचा मायक्रोफोन जरा वर घेतला, नवा ट्रॅक उघडला, त्याला नाव दिलं 'मोठी आई २' आणि लाल बटण दाबलं. हेडफोनमधला आवाज अर्ध्या शब्दावर तुटला. ती थांबली नाही. उरलेला अर्धा शब्द तिने म्हटला आणि कडवं पुढे नेलं.